तारीख कोणत्या घटनेची?

किल्लारीचा भूकंप कधी झाला, असे लातूर जिल्ह्यात कुणालाही विचारा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, असे उत्तर मिळेल. ज्यांना तारीख आठवत नाही त्यांना रात्र आठवते: अनंत चतुर्दशीची. गणपती बोळवून माणसे घरी आली, निजली, आणि ती झोप मोडली ती तशी. पण भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय याद्या उघडल्या तर हाच भूकंप २९ सप्टेंबरला नोंदलेला दिसतो. त्या याद्या जागतिक प्रमाणवेळेने चालतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. किल्लारीत पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे होत होती तेव्हा त्या घड्याळात आदल्या रात्रीचे साडेदहाही वाजले नव्हते.

दोन्ही तारखा बरोबर आहेत. घोटाळा होतो तो नंतर, एखाद्या लेखात २९ आणि दुसऱ्यात ३० पाहून कुणी सद्भावनेने त्यांतली एक खोडतो तेव्हा. खोडणाऱ्याने पुरावा तपासलेला असतो, दुवाही दिलेला असतो. तारीख कोणत्या घड्याळाची, एवढे मात्र विचारलेले नसते.

पुढच्या पानांत मांडलेले शास्त्र याच प्रश्नातून निघते, पण त्याचा विषय भूकंप नाही. चर्चमधली पदे हा त्याचा विषय. बिशप, प्रशासक, पाळक, धर्मगुरू यांच्यात बदल होतात. ते नेमके कधी अमलात आले हे अनेकांनी मिळून लिहिलेल्या, कुणालाही सुधारता येणाऱ्या संदर्भलेखांत कसे पडताळावे, हे इथे पाहायचे आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेव्हापासून आपल्या गावाची, शाळेची, देवळाची, चर्चची नोंद आपणच लिहावी ही उमेद पुष्कळांना आली. नांदेड आणि लातूरसारख्या जिल्ह्यांत, जिथे ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे आणि त्याच्यावर छापील पुस्तके फारशी नाहीत, तिथे असा एक लेखच पुढच्या पिढीसाठी इतिहास होऊन बसतो. म्हणून त्यातली तारीख खरी असावी, आणि ती खरी का आहे हे वाचणाऱ्याला तपासता यावे. या कामाला लॅटिन यायला हवे असे नाही, ख्रिस्ती असायला हवे असेही नाही. चिकाटी हवी. ज्यांच्यापाशी ती आहे त्या सर्वांचे इथे स्वागत आहे.

सुरुवात कॅथलिक धर्मप्रांतापासून करू, कारण तिथले नियम लिखित आहेत आणि त्यांत प्रत्येक पायरी वेगळी ओळखता येते. बिशप बदलला म्हणजे काय झाले? पोपने नेमणूक केली. ती रोममध्ये जाहीर झाली. नेमलेली व्यक्ती आधी बिशप नसेल तर तिचा अभिषेक झाला. मग तिने धर्मप्रांताचा ताबा घेतला. हे चार वेगळे प्रसंग आहेत, आणि त्यांच्यामध्ये आठवडेच काय, महिनेही जाऊ शकतात. १९८३च्या धर्मसभा कायद्याचे ३८२वे कलम सांगते की नियुक्तिपत्र हाती आल्यापासून, नवा माणूस असेल तर चार महिन्यांत आणि आधीच बिशप असेल तर दोन महिन्यांत, ताबा घेतला पाहिजे. ताबा म्हणजे काय हेही तिथेच लिहिले आहे: धर्मप्रांताच्या सल्लागार मंडळापुढे, कार्यालयाच्या चान्सलरच्या उपस्थितीत, पोपचे पत्र दाखवणे. कॅथेड्रलमधला मोठा विधी त्याच वेळी व्हावा अशी कायद्याची जोरदार शिफारस आहे. ताबा घेण्याआधी नव्या बिशपने कारभारात हात घालू नये, असेही तेच कलम बजावते. म्हणून नियुक्तीच्या संध्याकाळी माहितीचौकटीतले जुने नाव काढून नवे टाकणे ही या क्षेत्रातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. रोमची घोषणा तिथल्या दुपारी बाराला होते, आपल्याकडे हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन वाजता. पाच वाजेपर्यंत लेख बदललेला असतो. उत्साह चांगला आहे, पण त्या क्षणी लिहायचा योग्य शब्द ‘नियोजित’ हा आहे.

बदली झाली तर गणित आणखी बारीक होते, आणि याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. औरंगाबाद धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांतातून वेगळा निघाला. नांदेड आणि लातूर त्याच्यातच येतात. डॉमिनिक आब्रेओ हे त्याचे पहिले बिशप. पुढे २००६ साली अमरावतीचे बिशप एडविन कुलासो यांची औरंगाबादला बदली झाली. आता अमरावतीच्या यादीत त्यांची कारकीर्द कोणत्या दिवशी संपवायची? कलम ४१८ सांगते की बदली झालेल्या बिशपची जुनी जागा घोषणेच्या दिवशी रिकामी होत नाही. तो नव्या धर्मप्रांताचा ताबा घेतो त्या दिवशी ती रिकामी होते. मधल्या काळात जुन्या जागी त्याला प्रशासकाचे अधिकार असतात. म्हणजे एका धर्मप्रांताच्या लेखातली शेवटची तारीख दुसऱ्या धर्मप्रांताच्या लेखातल्या पहिल्या तारखेवर अवलंबून आहे. एक लेख दुरुस्त केला की दुसरा उघडावाच लागतो. हे ज्याच्या अंगवळणी पडले त्याला या कामाचे निम्मे मर्म कळले, असे मला वाटते.

राजीनाम्याचे तसेच. वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की बिशपने राजीनामा सादर करावा, असे कलम ४०१ म्हणते. सादर करणे म्हणजे पद सोडणे नव्हे. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांना २४ डिसेंबर २०१९ रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, आणि ते पदावरून मोकळे झाले २५ जानेवारी २०२५ रोजी. मधल्या पाच वर्षांत ‘माजी’ लिहिणारा चुकला असता. त्यांच्या जागी आलेले जॉन रॉड्रिग्ज पुण्याचे बिशप होते. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांची मुंबईचे सहबिशप म्हणून नियुक्ती जाहीर झाली, उत्तराधिकाराच्या हक्कासह. अशा सहबिशपने आपल्या त्या पदाचा ताबा आधीच घेतला असेल तर जागा रिकामी होताच तो आपोआप बिशप होतो, असे कलम ४०९ सांगते. म्हणून इथे राजीनामा मान्य होण्याचा दिवस आणि उत्तराधिकाऱ्याचा पहिला दिवस एकच येतो, आणि कॅथेड्रलमधल्या स्वागतविधीची वाट पाहावी लागत नाही. याच महाधर्मप्रांतात २००६ साली वेगळे घडले होते: ग्रेशियस यांची नियुक्ती १४ ऑक्टोबरची, पदग्रहण १४ डिसेंबरचे. मुंबईच्या एकाच यादीतल्या लागोपाठच्या दोन नावांना म्हणूनच दोन वेगळे नियम लागतात. यादी एकसारखी दिसावी म्हणून दोघांनाही नियुक्तीचीच तारीख लावली तर ती सुबक होईल, खरी राहणार नाही.

कधी कधी तर तास मोजावा लागतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पद सोडत असल्याचे जाहीर केले आणि ते केव्हापासून हेही सांगून ठेवले: २८ फेब्रुवारी, रोममधले रात्रीचे आठ. त्या वेळी नांदेडमध्ये १ मार्चचे साडेबारा वाजले होते, मध्यरात्र उलटून गेलेली. मराठी लेखात कोणती तारीख द्यावी? माझे मत स्पष्ट आहे: घटना जिथली, वेळ तिथली. पदाचे कायदेशीर स्थान रोम असेल तर रोमची तारीख, किल्लारीचा भूकंप असेल तर किल्लारीची. स्थानिक वृत्तपत्राने दुसऱ्या दिवशीच्या तारखेने बातमी दिली असेल तर तळटीप द्यावी, मजकुरात हात घालू नये.

यादीत एकच नाव दोनदा आले तर पुष्कळांना ती टंकनाची चूक वाटते आणि ते एक ओळ काढून टाकतात. पुण्याच्या धर्मप्रांताकडे पाहा. हेन्री डोअरिंग हे जर्मन येशूसंघी १९०३ साली नगर जिल्ह्यातल्या केंदळ इथे ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे म्हणून मराठी वाचकांना ठाऊक आहेत. ते १९०७ साली पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात ते जर्मन असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात परतू शकले नाहीत. १९२१ साली त्यांना जपानमध्ये हिरोशिमाला पाठवण्यात आले, आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्याला आले. म्हणजे पुण्याच्या यादीत त्यांच्या दोन कारकिर्दी आहेत. शिवाय पहिल्या कारकिर्दीची काही वर्षे अशी, की पद त्यांचे पण माणूस इथे नाही. पद धारण करणे आणि कारभार प्रत्यक्ष चालवणे या दोन गोष्टी संदर्भलेखाने वेगळ्या मांडायला हव्यात. त्या एकत्र केल्या की त्या वर्षांतली पत्रे, सह्या आणि निर्णय कुणाचे हे कळेनासे होते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांकडे वळल्यावर कायद्याची अशी एकच पोथी हाती लागत नाही, आणि तारखांच्या आधी नावेच तपासावी लागतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारत चर्च, आपण सी.एन.आय. म्हणतो ते, उभे राहिले. त्या दिवसाच्या आधीच्या कुणालाही ‘सी.एन.आय.चे बिशप’ म्हणता येत नाही, मग इमारत तीच असो की मंडळी तीच असो. ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट त्या एकीकरणात आले. अमेरिकन परंपरेचे बाहेर राहिले आणि ७ जानेवारी १९८१ पासून मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाले. लेखात नुसते ‘मेथॉडिस्ट पाळक’ लिहिले असेल तर कोणते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सी.एन.आय.मध्ये बिशपची जागा रिकामी असताना मॉडरेटरचा, म्हणजे चर्चच्या प्रमुखाचा, कमिसरी कारभार पाहतो. त्याचे नाव बिशपांच्या यादीत सरळ क्रमांक देऊन घुसवलेले दिसते. त्याला स्वतंत्र, बिनक्रमांकाची ओळ हवी. कॅथलिक धर्मप्रांत प्रशासकालाही तीच.

मराठवाड्यात याच्या जोडीला सीमांचा प्रश्न येतो, आणि तो मला सर्वांत आवडतो, कारण त्यासाठी चर्चच्या कागदांबरोबर महसुली इतिहासही वाचावा लागतो. औरंगाबाद धर्मप्रांताविषयी ‘१९७७ साली लातूर, नांदेड, जालना, हिंगोलीसह आठ जिल्ह्यांसाठी स्थापना’ असे वाक्य सहज लिहिले जाते. १९७७ साली लातूर जिल्हा नव्हता. तो उस्मानाबादेतून १६ ऑगस्ट १९८२ रोजी निघाला. जालना १ मे १९८१चा, हिंगोली १ मे १९९९चा. त्या वर्षी मराठवाड्यात पाचच जिल्हे होते. भूभाग तोच, पण वाक्य खोटे. आणखी मागे जा: उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादेत. नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्याचा मोठा भाग त्याच दिवशी आंध्रात गेला. तेव्हा उदगीरच्या एखाद्या चर्चची १९४० सालची नोंद लातुरात सापडली नाही म्हणून निराश होऊ नका. बिदरच्या आणि हैदराबादच्या कागदांत शोधा. २०२३ साली औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला आणि उस्मानाबाद धाराशिव. धर्मप्रांताचे नाव जिल्ह्याबरोबर आपोआप बदलत नाही, ते चर्चच्याच आदेशाने बदलते. शोधा आणि बदला ही आज्ञा देऊन सगळीकडे नवे नाव टाकणाऱ्यांनी इथे थांबावे.

निजामी काळातल्या कागदांवर फसली सन असतो. ढोबळमानाने त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. ढोबळमानाने म्हणतो, कारण फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, त्यामुळे महिना ठाऊक नसेल तर दोन इसवी वर्षे लिहिणेच प्रामाणिकपणाचे.

कालगणनेचा खरा धडा मात्र नांदेडच्या गोदाकाठी आहे, आणि तो चर्चच्या अभ्यासकानेही घ्यावा. गुरू गोविंदसिंग यांनी इथे गुरुग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली आणि इथेच देह ठेवला. धर्माच्या सर्वोच्च पदावर माणसानंतर ग्रंथ आला, असा हा बदल. त्यांच्या ज्योतीजोत समावण्याची तारीख परंपरेने कार्तिक शुद्ध पंचमी, विक्रम संवत १७६५ आहे. इंग्रजी पुस्तकांत ती ७ ऑक्टोबर १७०८ अशी येते. ही ७ तारीख ज्यूलियन पंचांगाची. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने ती १८ ऑक्टोबर. इंग्रजांनी ग्रेगोरियन पंचांग १७५२ साली घेतले, पोर्तुगीजांनी १५८२ सालीच. म्हणजे १७०८ साली मुंबईत बसलेला इंग्रज आणि वसईत बसलेला पोर्तुगीज पाद्री एकाच दिवशी पत्र लिहीत असतील, तर त्यांच्या तारखांत अकरा दिवसांचे अंतर पडे.  त्या काळातल्या चर्चच्या पदबदलांना हात घालताना लिहिणारा कोणत्या राज्यातला, हे आधी पाहावे. विकिपीडियाच्या जोडीला असलेल्या विकिडेटा या माहितीसाठ्यात तारीख भरताना पंचांग निवडता येते आणि अचूकता दिवसाची, महिन्याची की वर्षाची हेही सांगता येते. या दोन सोयींचा वापर फारच कमी होतो. दिवस ठाऊक नसताना १ जानेवारी भरणे ही थाप आहे, मग ती कितीही सवयीने मारलेली असो.

आता पुराव्यांविषयी. रोमची दैनिक घोषणा आणि १९०९ पासून निघणारे तिथले अधिकृत राजपत्र ‘आक्ता आपोस्तोलिके सेदिस’ नियुक्तीसाठी उत्तम. पदग्रहणासाठी मात्र स्थानिक साक्ष लागते. ‘निरोप्या’ आणि १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’ यांचे जुने अंक इथे कामी येतात. गावच्या चर्चच्या बाबतीत बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या मोलाच्या. त्या पदग्रहणाचा दिवस सांगत नाहीत, पण जुन्या पाळकसाहेबांची शेवटची सही आणि नव्यांची पहिली सही यांच्यामधली फट दाखवतात. ती फट जशीच्या तशी लिहावी: अमुक तारखेनंतर, तमुक तारखेपूर्वी. कोनशिलेवरचे नाव त्या दिवशी तो माणूस पदावर होता एवढेच सिद्ध करते. चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्त संस्थांचे बदल धर्मादाय कार्यालयात कळवावे लागतात, कायद्याने नव्वद दिवसांत. त्या चेंज रिपोर्टमध्ये बदलाची तारीख एक असते, अर्जाची दुसरी आणि मंजुरीची तिसरी, कधी कधी काही वर्षांनंतरची. शिवाय विश्वस्तपद आणि धर्मपद एकच नव्हेत. हा कायदा १९५०चा, मुंबई राज्याचा. त्या साली मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, म्हणून इथल्या १९५०च्या नोंदी त्याच्याखाली शोधू नयेत.

आणि एक सापळा. कुणीतरी विकिपीडियावर आधार न देता तारीख टाकतो. ती एखाद्या बातमीत उतरते. वर्षभराने तीच बातमी त्या लेखाला आधार म्हणून जोडली जाते. आता ती तारीख साधार दिसते आणि तिला हात लावणारा उपद्रवी ठरतो. लेखाचा इतिहास उघडून तारीख प्रथम केव्हा आली आणि बातमी केव्हाची, हे ताडून पाहणे हाच यावरचा उपाय.

मुक्त ज्ञानकोशाला अप्रकाशित नोंदवही चालत नाही. छापलेला, इतरांना पाहता येणारा आधार लागतो. नियम योग्यच आहे, पण नांदेड-लातूरच्या लहान मंडळ्यांवर तो जड जातो, कारण त्यांचा इतिहास वह्यांत आहे, पुस्तकांत नाही. त्यावर मार्ग आहे आणि त्याला मुहूर्तही जवळ आलेला आहे. १७ डिसेंबर २०२७ रोजी औरंगाबाद धर्मप्रांताला पन्नास वर्षे होतील. अशा वेळी स्मरणिका निघतात, आणि छापलेली स्मरणिका पुढे अनेक वर्षे आधार म्हणून वापरली जाते. ज्यांच्या हाती गावोगावच्या स्मरणिकांचे संपादन येईल त्यांना विनंती आहे की धर्मगुरूंच्या आणि पाळकांच्या यादीत नावापुढे दोन वर्षे टाकून थांबू नका. नेमणूक कधी झाली, प्रत्यक्ष कामाला सुरुवात कधी झाली, पद कोणत्या दिवशी सुटले आणि कशामुळे, आणि ही माहिती कोणत्या वहीच्या कोणत्या पानावरून घेतली, असे रकाने आखा. जिथे माहिती नाही तो रकाना रिकामाच छापा, म्हणजे तो भरण्यासाठी कुणाला तरी बिदरची बस धरता येईल.